ट्रॉमाच्या उपचाराआधीचा ‘तयारी’ कोर्स, फोंडा: माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. गोवा म्हणजे केवढंसं, आमच्या सहा जणींच्या ग्रुपमधली एक तर माझ्या सासूच्या माहेरची शेजारीण निघाली, त्यामुळे नाव टाकलं की कोण कोण होतं ते गणपतीच्या चवथीपर्यंत अख्ख्या डिचोली तालुक्याला कळेल. फोंड्यात एका डेंटल क्लिनिकच्या शेजारी आहे एवढं पुरे.

हा कोर्स म्हणजे उपचार नव्हे, हे मला पण पहिल्या शनिवारी कळलं. लहानपणापासून वर्षानुवर्षं घरातच मारझोड, दारू, भीती असं सगळं ज्यांनी काढलंय त्यांना पीटीएसडीचे, म्हणजे जुन्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचे, खरे उपचार सुरू व्हायच्या आधी तयार करतात. ८ शनिवार, सकाळी १० ते साडेअकरा, शिवाय दर आठवड्याला अर्धा तास एकटीला. शनिवारचे ५०० रुपये, एकटीच्या अर्ध्या तासाचे वेगळे घेत नाहीत. मी साखळीहून कदंबच्या बसने जायचे, म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा.

मी इथे का आले ते सांगायला हवं, नाहीतर चार स्टार का दिले ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या ठिकाणी गेले होते (तेही नाव नको). पहिल्याच दिवशी ‘सांगा, काय झालं सगळं’. मी पण शहाणी, सगळं सांगितलं, सातवीपासूनचं, न थांबता, आणि पन्नास मिनिटं झाल्यावर बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या पुढच्या आठवड्यात बघू. तिथून बस स्टँडवर आले आणि बाकावर बसले ती बसलेच, साखळीच्या दोन गाड्या डोळ्यासमोरून गेल्या, मला दिसत होत्या पण उठताच येईना. परत गेले नाही. नवऱ्याला सांगितलं मला बरं वाटतंय आता.

बरं वाटत नव्हतं. माझे बाबा बुलेट चालवायचे, आणि ती अंगणात स्टँडला कशी लागली त्या आवाजावरून मला कळायचं आज किती घेतलीय. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. पण गेल्या मे महिन्यात कुरियरवाला बुलेटवरून आला तर मी हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे उभी, आणि माझी मुलगी विचारतेय आई तू लपलीस का. त्यानंतर फोन केला.

पहिल्या दिवशीची एक गोष्ट अजून डोळ्यासमोर आहे. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, आम्ही सहाही जणी दारात घुटमळतोय, कारण प्रत्येकीला भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची हवी होती आणि गोलात तशी एकच. काउन्सेलर ताईने (वय तिशीचं असेल, माझ्याहून लहान, पण ताईच म्हणतो) काही न बोलता सगळ्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि स्वतः मधे, दाराकडे पाठ करून बसली. त्या एका गोष्टीवर मी दुसऱ्या शनिवारी परत आले असं म्हटलं तरी चालेल.

ग्रुपचा नियम एकच, काय घडलं ते इथे सांगायचं नाही. ‘मथळा सांगा, बातमी नको.’ म्हणजे ‘वडिलांची दारू’ एवढं चालेल, पुढचं नाही. मला वाटलेलं ट्रॉमाचा ग्रुप म्हणजे सगळ्या रडत बसणार, तसलं काही झालं नाही. आणि बाहेर भेटलो तर आपणहून ओळख दाखवायची नाही. एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्यातली एक केळी घेताना दिसली, दोघींनी असं तोंड फिरवलं की केळीवाली मावशी म्हणाली भांडलात की काय.

शिकवलं काय? एक तर माहिती. कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे नाव ज्युडिथ हर्मन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९९२ मध्ये मांडलं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ते वेगळं निदान म्हणून आलं आणि ती यादी लागू झाली २०२२ च्या जानेवारीत. साध्या पीटीएसडीत तीन गोष्टी असतात, ते परत आत्ता घडतंय असं होणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळत राहणं, आणि सतत धोका आहे असं वाटणं. कॉम्प्लेक्समध्ये आणखी तीन, भावना आवरत नाहीत किंवा एकदम बधिर होतात, आपण कवडीमोलाचे आहोत असं आत पक्कं बसलेलं असतं, आणि माणसांशी जवळीक टिकत नाही. ही दुसरी तीन ऐकताना खोलीत एवढी शांतता की शेजारच्या डेंटिस्टचं ड्रिल ऐकू येत होतं. (तसं ते नेहमीच येतं. भिंती पातळ आहेत. ट्रॉमाच्या कोर्सशेजारी ड्रिल, कोणी जागा शोधली देव जाणे.)

मग ताईने फळ्यावर दोन आडव्या रेघा काढल्या आणि मला म्हणाली, तुमच्या साखळीत वाळवंटी नदीला पुराची खूण असते ना, तसं. वरच्या रेघेच्या वर गेलं की धडधड, राग, पळ काढावासा वाटणं, खालच्या रेघेच्या खाली गेलं की बधिर, मी तिथे नाहीच. उपचारात आठवण उघडायची ती या दोन रेघांच्या मधे राहून, आणि वर गेलं की खाली यायचं, खाली गेलं की वर यायचं, एवढंच ८ शनिवार घोटून घेतात. स्टँडवर मला काय झालेलं ते तेव्हा कळलं, मी खालच्या रेघेखाली होते.

घोटून घेतात ते कसं, तर श्वास सोडताना जास्त लांब सोडायचा, पाय जमिनीला दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मला यातलं काहीच लागू पडेना. श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला व्हायचं, आणि हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. शेवटी ताई म्हणाली घरी भिरंडाची (कोकमाची) सोलां आहेत का? एक सोल जिभेवर ठेवायचं. अहो, तो आंबटपणा आणि मीठ असं डोक्यात जातं की बुलेटबिलेट सगळं मागे राहतं. हळदीकुंकवाला मिळालेल्या छोट्या स्टीलच्या डबीत चार सोलां, पर्समध्ये कायम.

गोळ्यांबद्दलही नीट बघतात हे आवडलं. आमच्यातली एक फार्मसीतून झोपेची गोळी वर्षभर आपल्या मनाने घेत होती. तिला ओरडले नाहीत, ‘एकदम बंद करू नका’ एवढं सांगून बांबोळीला आयपीएचबीच्या (सरकारी मानसोपचार हॉस्पिटलच्या) ओपीडीत पाठवलं, कारण तसल्या गोळ्या पीटीएसडीवर उपयोगाच्या नाहीत आणि सवय लागते, पण झटक्यात सोडल्या तरी त्रास होतो, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुसरी एक अजून मारणाऱ्या नवऱ्याच्याच घरात होती. तिचा कोर्स बाजूला ठेवून आधी राहायची सोय आणि वकील बघितला. रात्रीबेरात्री लागलं तर म्हणून सगळ्यांच्या फोनमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ घालून दिला, तो सरकारी आहे, फुकट आणि चोवीस तास.

आता वाईट. छापील कागदांचं मराठी भयंकर. ‘भावनिक नियमन कौशल्य संच’ असं वर लिहिलेलं, तर एक काकी म्हणाल्या नियमन म्हणजे ट्रॅफिकचं का गो? ताई तोंडी इतकं छान बोलते, तेच लिहून काढायला काय होतं.

आणि एक स्टार कापला तो यासाठी. ८ शनिवार संपले, मी तयार, तर म्हणाले आत्ता नको, चवथ येतेय, मूळ घरी जाणार ना तुम्ही? हे पटलं, माटोळी (गणपतीवर फळंभाज्या टांगतो ती) बांधायला त्याच घरात, त्याच अंगणाकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्याच आठवड्यात जुनं उकरायचं हे मलाही नको होतं. पण चवथ झाल्यावर परत ‘अजून चार शनिवार करू, पाया पक्का होईल’. आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. हायसं वाटलं. दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना डोक्यात आलं की टाळत राहणं हे त्या पहिल्या तीनांतलंच एक आहे, मग आता हे मी काय करतेय? गोव्यात सणांना तोटा आहे का, चवथ झाली की नवरात्र, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न, मग आमची जत्रा.

ताईला सरळ विचारलं. ती रागावली नाही, म्हणाली यावर जाणकारांतच दोन तट आहेत. मेरिलीन क्लोइत्र यांचा २००२ चा अभ्यास, लहानपणी अत्याचार झालेल्या बायकांवरचा, त्यात आधी ८ सेशन भावना आणि नाती सांभाळायचं शिक्षण आणि मग ८ सेशन आठवणींवर काम, आणि त्याचा फायदा दिसला. हा कोर्स त्याच धर्तीवर. उलट २०१६ मध्ये डी यॉन्ग आणि इतरांनी लिहिलं की अशी तयारी सगळ्यांना लागतेच याला पुरेसा पुरावा नाही, आणि तिच्यापायी खरा उपचार लांबतो. मग हे आधी का नाही सांगितलं? पहिल्या दिवशीच कागदावर लिहून द्या ना, कोर्स या तारखेला संपणार, उपचार या तारखेला सुरू. मी तसं त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय. माझी तारीख मात्र तिथल्या तिथे ठरवून घेतली.

उपचार त्याच सेंटरमधल्या दुसऱ्या सायकॉलॉजिस्टकडे चाललाय, प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात, ९० मिनिटांचं एक सेशन, साधारण ८ ते १५ लागतात. डोळे मिटून ती आठवण आत्ता घडतेय अशी सांगायची, ते फोनवर रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं. आता एकत्र घरात हे ऐकायचं कुठे? कोर्सच्या शेवटच्या शनिवारी यावरच अर्धा तास गेला होता. तेव्हा मला तो अर्धा तास फुकट वाटला होता. माझ्या चुलत जावेचा डिचोलीतला फ्लॅट बंद असतो, त्याची चावी आणलीय. तिला सांगितलं शिवणाच्या क्लासचा होमवर्क करायला जागा हवी.

काल तिसरं सेशन झालं. मधे एकदा खालच्या रेघेखाली जायला लागले ते माझं मलाच कळलं, थांबा म्हटलं, सोल तोंडात टाकलं, परत सुरू केलं. बाहेर आल्यावर पहिलीच साखळीची गाडी मिळाली, खिडकीशी डोकं टेकून झोपले, कंडक्टरने उठवलं. घरी सासूने पेज आणि खाराचा आंबा काढून ठेवलेला, काही विचारलं नाही.

कोणाला पत्ता हवा असेल तर पर्सनल मेसेज करा, इथे खाली नावं लिहू नका प्लीज. आणि स्कूटर नेऊ नका, पार्किंग नाही, डेंटिस्टचा वॉचमन हवा काढतो.