टॅलिन की डब्लिन? ऑफर लेटरवर सही करण्याआधी

हिंजवडीत सात-आठ वर्षं काढलेल्या मुलांकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. एक ऑफर एस्टोनियातल्या टॅलिनची, एक आयर्लंडमधल्या डब्लिनची, कुठली घेऊ? एस्टोनिया आणि आयर्लंड दोन्ही छोटे देश, दोन्हीकडे युरो चालतो, आणि आयटीमुळे दोघांचंही नाव झालंय. पगाराचा आकडा डब्लिनचा मोठा, म्हणून घरचे तिथेच बोट ठेवतात. मी आधी दोन गोष्टी विचारते. तिथलं आयटी नेमकं कुणाच्या मालकीचं आहे? आणि तुम्हाला तिथे कायमचं राहायचंय, की चार वर्षं काम शिकून पुढे जायचंय?

एस्टोनियाची लोकसंख्या १४ लाखांच्या आत, म्हणजे एकट्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी. १९९१मध्ये सोव्हिएत संघातून सुटला तेव्हा या देशाच्या हाती पैसा नव्हता. पण टॅलिनमध्ये १९६०पासून सायबरनेटिक्सची, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाच्या शास्त्राची, संस्था होती, म्हणजे डोकी होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवलं. २००१मध्ये सरकारी खात्यांचा डेटा जोडणारं एक्स-रोड आलं, २००२मध्ये चिपवालं ओळखपत्र आणि २००५मध्ये इंटरनेटवरून मतदान. २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली.

एक्स-रोडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इंजिनिअरने टॅलिनला का जावं याचं उत्तर त्यात आहे. तिथल्या ओळखपत्राला दोन पिन असतात. पहिला ओळख पटवायला, दुसरा सही करायला, आणि ही सही कायद्याने हातच्या सहीइतकीच पक्की. डॉक्टरने औषध संगणकावर लिहिलं की रुग्ण कुठल्याही औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं ओळखपत्र पुढे करतो. हे चालतं कसं? सगळी माहिती एका ठिकाणी कोंबलेली नाही. प्रत्येक खात्याचा डेटा त्या खात्याकडेच राहतो. दुसऱ्याला हवा असेल तर एक्स-रोडवरून सही केलेली, एन्क्रिप्ट केलेली विनंती जाते आणि तिची नोंद राहते. आपल्या नोंदी कुणी कधी उघडून बघितल्या, हे नागरिक घरबसल्या पाहू शकतो. विनाकारण डोकावलं तर कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागतो. डेटा कुणाचा, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

धक्केही त्यांनी खाल्ले. २००७मध्ये बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला. नाटोचं सायबर संरक्षण केंद्र पुढच्याच वर्षी टॅलिनमध्ये उभं राहिलं. २०१७मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला. सरकारने तो जाहीर केला आणि लोकांना घरून कार्ड अपडेट करायची सोय दिली. चूक झाली की दडपायची नाही, ही सवय अशा वातावरणात अंगी लागते. पगाराइतकीच तीही मोलाची.

आयर्लंडची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. परदेशी उद्योग आणायला १९४९मध्येच त्यांनी आयडीए ही संस्था काढली. अॅपल १९८०मध्ये कॉर्कला आलं, मायक्रोसॉफ्ट १९८५मध्ये, इंटेल १९८९मध्ये लेक्सलिपला, गूगल २००३मध्ये डब्लिनला. इंग्रजी बोलणारे पदवीधर, युरोपची बाजारपेठ आणि साडेबारा टक्के कंपनी कर ही तीन आमिषं होती. आता मोठ्या समूहांसाठी तो कर १५ टक्के झालाय, तरी कुणी गाशा गुंडाळलेला नाही. नोकऱ्यांची दाटी आयर्लंडमध्येच, यात वाद नाही. एक नोकरी गेली तर दुसरी चालत जाण्याच्या अंतरावर मिळू शकते. टॅलिनमध्ये तुमच्या कामाच्या कंपन्या बोटांवर मोजाव्या लागतात.

पण त्या नोकऱ्यांचे निर्णय कॅलिफोर्नियात होतात. २०२२-२३मधल्या नोकरकपातीत डब्लिनच्या मुलांनी ते अनुभवलं. सरकारही त्याच फांदीवर बसलंय. कंपनी करातला निम्म्याहून जास्त पैसा दहा मोठ्या समूहांकडून येतो. २०१५ या एका वर्षात देशाचं उत्पन्न २६ टक्क्यांनी वाढल्याचा आकडा पुढच्या वर्षी जाहीर झाला, तो मुख्यतः परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्यामुळे. तेव्हापासून आयरिश सांख्यिकी खात्याला खऱ्या अर्थव्यवस्थेसाठी वेगळं मोजमाप ठेवावं लागलंय.

मला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो दोन शहरांमध्ये. आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये डेलचा संगणकांचा मोठा कारखाना होता. जानेवारी २००९मध्ये कंपनीने उत्पादन पोलंडला हलवायचं ठरवलं आणि १,९०० नोकऱ्या गेल्या. टॅलिनमध्ये इंटरनेटवरून फोन करायचं स्काइप होतं. मालक स्वीडन-डेन्मार्कचे, पण सॉफ्टवेअर लिहिलं एस्टोनियन मुलांनी. २००५मध्ये ते ईबेने घेतलं, २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने, आणि मे २०२५मध्ये स्काइप बंदच झालं. पण तोवर तिथे शिकलेली माणसं आणि तिथे कमावलेला पैसा शहरात मुरला होता. स्काइपचे पहिले कर्मचारी ताव्हेत हिन्रिकुस यांनी क्रिस्तो कारमान यांच्यासोबत २०११मध्ये परदेशी पैसे पाठवणारी वाइज काढली. आहती हेन्ला यांनी रस्त्यावरून सामान पोचवणारे स्टारशिपचे रोबो केले. मार्कुस विलिग या तरुणाने २०१३मध्ये सुरू केलेली टॅक्सी सेवा आज बोल्ट म्हणून कित्येक देशांत धावते. आयर्लंडमध्ये अशी बुद्धी नाही असं मुळीच नाही. ऑनलाइन पेमेंटची कंपनी स्ट्राइप काढणारे कॉलिसन बंधू लिमरिकच्याच बाजूचे. पण कंपनी उभी केली त्यांनी अमेरिकेत.

म्हणून क्षेत्राच्या भवितव्याचं विचाराल तर मी एस्टोनियाला झुकतं माप देते. नफा कंपनीतच ठेवला तर तिथे त्यावर कर नाही, तो वाटलात तरच. छोट्या कंपनीला वाढायला ही मोठी सवलत आहे. मात्र मधली वर्षं कठीण गेली. २०२३मध्ये अर्थव्यवस्था आकुंचली, गुंतवणूक आटली, २०२५मध्ये आयकर २२ टक्के झाला, आणि रशिया शेजारी असल्याने संरक्षणाचा खर्च वाढतोच आहे. आयर्लंडची अडचण निराळी. देशातली पाचवा हिस्सा वीज डेटा सेंटर खातात आणि डब्लिन परिसरात नव्या सेंटरला वीजजोडणी मिळवणं अवघड झालंय.

आता राहण्याचं. डब्लिनमध्ये घर मिळवणं ही दुसरी नोकरीच समजा. नव्या करारांचं सरासरी भाडं महिना २,००० युरोंच्या वर आहे आणि एकेक घर बघायला माणसांची रांग लागते. पगाराचा मोठा आकडा इथेच गळतो. ऑफरमधून भाडं आणि कर वजा करा, मग टॅलिनशी तुलना करा. दरी बरीच भरून येते. टॅलिनमध्ये भाडं पुष्कळ कमी, पण डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा आणि हिवाळ्यात हीटिंगचं बिल वेगळं. लहान मुलं असतील तर हा अंधार हसण्यावारी नेऊ नका.

कागदपत्रांत मात्र आयर्लंड सरस आहे. क्रिटिकल स्किल्स परमिटवर, म्हणजे मागणी असलेल्या कौशल्यांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, जोडीदाराला काम करता येतं, दोन वर्षांनी वेगळं परमिट लागत नाही, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि भाषेची परीक्षा नाही. एस्टोनियात आयटीवाल्यांना स्थलांतराच्या वार्षिक कोट्यातून सूट आहे, त्यामुळे आत शिरणं सोपं. पुढे दीर्घकालीन निवासासाठी मात्र एस्टोनियन भाषा बी-वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत यावी लागते, आणि नागरिकत्वाला आठ वर्षं. या भाषेत चौदा विभक्ती आहेत. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण शाळेच्या पालकसभेत नाही.

एक इशारा. 'ई-रेसिडेन्सी' घेतली की एस्टोनियात राहता येतं, असं सांगणारे एजंट आहेत. ते खोटं आहे. ती ऑनलाइन कंपनी चालवायची डिजिटल ओळख आहे, व्हिसा नाही.

आयर्लंड आपल्याला जवळचं वाटतं. पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तरीही २०२५च्या उन्हाळ्यात तिथे भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. हे घरच्यांपासून लपवू नका.

तिशीच्या आतले, एकटे, प्रॉडक्ट मुळापासून घडताना पाहायची भूक असलेले असाल, तर मी टॅलिन सांगेन, आणि पहिल्या महिन्यापासून भाषेचा वर्ग. लग्न झालंय, जोडीदाराचंही करिअर आहे, मुलांच्या शाळेचं ठरवायचंय, तर डब्लिन. फक्त होकार कळवण्याआधी एचआरला दोन गोष्टी विचारा. पहिले दोन-तीन महिने कंपनी राहायला घर देईल का? आणि आपल्या टीमचा मॅनेजर त्याच शहरात बसतो का?