लाकडी पांगुळगाडा: सात महिने वापरून सांगतेय

लेक दहा महिन्यांची असताना घेतला, आता ती सतरा महिन्यांची आहे. दादरला पोळपाट-लाटणी, पाट वगैरे मिळतात तिथून, साडेसातशे रुपयांना. तीन चाकं, समोर उभी दांडी, रंग नाही, वजनाला बऱ्यापैकी जड. रंगवलेला पण होता पण दात येताना ही सगळं तोंडात घालते म्हणून मुद्दाम बिनरंगाचा घेतला.

आधी आमच्याकडे वॉकर होता, तो गोल प्लॅस्टिकचा, मधे झोळीसारखी सीट. भेट आलेला. आमचं परळला वनरूम किचन, आठ महिन्यांच्या लेकीला त्यात बसवलं, मी कणीक मळत होते आणि वळून बघेपर्यंत ती ओट्यापाशी, ओट्यावरून लोंबणारं फडकं तिच्या मुठीत आणि त्याच फडक्यावर नुकताच उतरवलेला कुकर. नवऱ्याने झडप घालून तिला उचललं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले वॉकर आजच बंद करा, त्यातलं बाळ एका सेकंदात तीन फुटांच्या वर जाऊ शकतं, आपण हात पुढे करेपर्यंत ते पोचलेलं असतं. कॅनडात तर 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आणि त्याने मूल लवकर चालतं हा पण गैरसमजच, उलट उशीर होऊ शकतो, कारण बाळ सीटवर लटकून नुसत्या चवड्यांनी ढकलत असतं, तोल सांभाळायचं काम त्याच्याकडे येतच नाही, आणि समोरच्या ट्रेमुळे स्वतःचे पाय पण दिसत नाहीत.

पांगुळगाड्याचं मला आवडलं ते हेच, बाळ स्वतः उठून उभं राहिल्याशिवाय तो काहीच करत नाही. दांडी धरून उठायचं, वजन दोन्ही पायांवर घ्यायचं, एक पाय उचलला की दुसऱ्यावर उभं राहायचं, सगळं तिचं तिला. म्हणून बाळ पलंगाला धरून उभं राहून कडेकडेने सरकायला लागलं की मगच द्या, त्याआधी नको. आणि अनवाणी, मोज्यांवर तर अजिबात नाही.

आता तक्रार. चकचकीत टाइल्सवर हा गाडा पळतो! पहिल्याच दिवशी गाडा पुढे आणि लेक मागे उताणी... नाही, पालथी पडली, ओठ फुटला, रक्त बघून माझाच जीव गेला. मग सासूबाईंनी समोरच्या पट्टीवर दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधली आणि नवऱ्याने चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे चढवले, तेव्हापासून बरोबर तिच्या चालीने जातो. एक खिळा पण जरा वर आलेला होता तो ठोकून घेतला. खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे पण नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना सूट आहे, त्यामुळे हातकामाच्या वस्तूवर मार्क नसूही शकतो, तेव्हा दुकानातच सगळीकडून हात फिरवून बघा, कूस लागते का, चाक निघतंय का. दांडी बाळाच्या छातीपर्यंत हवी.

गाडा घेतला म्हणजे महिन्यात चालेल असं मात्र धरून चालू नका. आमची तेरा महिन्यांपर्यंत हात सोडत नव्हती, शेजारच्या काकू रोज गॅलरीत विचारायच्या, अजून नाही का गं चालत, आणि मी रात्री रडायचे. नंतर कळलं की डब्ल्यूएचओने 2006 साली पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात आपल्या दिल्लीतली मुलं पण होती, आणि एकट्याने चालायचं वय 8.2 पासून 17.6 महिन्यांपर्यंत कुठेही असू शकतं असं निघालं. काही मुलं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच, गाड्यावर विसंबून थांबू नका.

आमची चौदाव्या महिन्यात चालली. पण मला जास्त मजा वाटली ती त्याआधीची, गाडा सरळच जातो, वळत नाही, भिंतीला अडला की आधी भोकाड पसरायची आणि एक दिवस तिने तो स्वतः मागे ओढला, थोडा तिरका केला आणि परत निघाली. कुणी शिकवलं नव्हतं. मी धावत जाऊन वळवून द्यायचे ते त्या दिवसापासून बंद केलं.

पाचपैकी चार, टाइल्समुळे एक कापला. आता चालते तरी गाडा सुटलेला नाही, टोपलीतला एकेक बटाटा पट्टीवर ठेवून आजीकडे नेते आणि "घे" म्हणते. दिवाळीनंतर हा नणंदेच्या बाळासाठी विरारला जाणार आहे, ट्यूब नवीन लावून देईन.