चुन्याच्या नावाखाली पांढरं सिमेंट: जुन्या भिंतीला गिलावा करणाऱ्यांनी वाचाच

जुनी दगडी भिंत, 240 चौरस मीटर गिलावा, जाडी 20 मिलिमीटर. करारात स्पष्ट लिहिलं होतं: चुना आणि वाळू, 1:3. भिंतीवर चढलं पांढरं सिमेंट, नावापुरती चुन्याची भुकटी घातलेलं. 70 टक्के रक्कम आगाऊ गेली, 20 टक्के पहिल्या थरानंतर. गोड बोलणं, जुन्या कामांचे फोटो, "माल आजच उचलायचाय" ही घाई, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे.

संताप येतो तो बिल पाहून. कळीच्या चुन्याची, म्हणजे भाजलेल्या पण न भिजवलेल्या चुन्याची, 25 किलोची 90 पोती, म्हणजे 2250 किलो! किलोभर चांगली कळी भिजवली की साधारण दोन लिटर लगदा होतो. मग साडेचार हजार लिटर लगदा मुरत कुठे होता? कळी भिजवताना पाणी उकळतं, वाफा निघतात, आणि मग लगदा कित्येक आठवडे, जमल्यास तीन महिने, पाण्याखाली ठेवावा लागतो. जागेवर एक हौद नव्हता, पिंपसुद्धा नव्हतं. बरं, 4.8 घनमीटर गिलाव्याला 1.6 घनमीटर लगदा पुरतो, म्हणजे 32 पोती. बिलातली पोती आणि हौदाचं माप ताडून पाहिल्याशिवाय छदामही देऊ नका.

काम थांबवायची वेळ होती दुसऱ्या दिवशी सकाळी. गिलाव्यावर नखाचा ओरखडा उठेना. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. एका रात्रीत असा टणक होत नाही. ठेकेदार म्हणाला, "सुरखी घातलीय, म्हणून लवकर धरलं." सुरखीने चुना लवकर धरतो हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. पण सुरखी म्हणजे विटेची पूड, गिलावा लालसर दिसायला हवा. हा पांढराशुभ्र होता! वर हा चुनाच आहे हे पटवायला त्याने आम्ल टाकून फेसही दाखवला. जाणकारही गप्प बसला असता. फेसावर जाऊ नका, भुकटी मिसळलेलं सिमेंटही फसफसतं.

खात्रीचा उपाय फुकटचा आहे. सुरखी मिसळण्याआधीचा चुना, न सांगता, बरणीत पाण्याखाली ठेवा. साधा चुना मऊच राहतो, सिमेंट दोन दिवसांत दगड होतं.

सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, म्हणून आता ती भिंतीत कोंडली आहे. क्षार गिलाव्यामागे साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोडीनेच, ब्रेकर लावू नका. तरीही ते दगडाची कातडी घेऊनच निघतं.

तक्रार? पोलीस म्हणतात, दिवाणी बाब. वारसा जतनाचं कार्यालय म्हणतं, इमारत यादीत नाही, आमचा संबंध नाही. पालिका म्हणते, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. प्रयोगशाळा म्हणते, पालिकेचं पत्र आणा. एका साहेबांनी तर करार वाचून विचारलं, "सिमेंट वापरू नये असं यात कुठे आहे?" म्हणून करारात तेही लिहा: करडं असो वा पांढरं, सिमेंट एक चिमूटही चालणार नाही. आणि पुरावा म्हणून गिलाव्याचा सुटलेला तुकडा तारीख घालून, साक्षीदाराच्या सहीने मोहोरबंद करा.

उरलेले 10 टक्के अजून आमच्याकडे आहेत. ते व्याजासह द्या म्हणून ठेकेदाराची वकिली नोटीस आली आहे.