चौदाव्या सेलचा तीन नंबरचा ठिपका : वीस सेलच्या ब्रेल डिस्प्लेचा अनुभव

ब्रेल डिस्प्ले म्हणजे संगणकावरची ओळ पिना वर-खाली करून बोटाखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र, आणि सेल म्हणजे त्यातली एका ब्रेल खुणेची जागा. त्यावर पॉलिटीच्या नोट्स वाचताना एका दुपारी बोटाखाली 'चूलभूत अधिकार' आले. आधी वाटलं, टाइप करणाऱ्याने दिवे लावलेत. एनव्हीडीएला, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तोच शब्द बोलायला लावला, तर तो स्वच्छ 'मूलभूत' म्हणाला. म्हणजे लोचा डिस्प्लेत. चौदाव्या सेलमधला तीन नंबरचा ठिपका उठेनासा झाला होता.

डोळसांसाठी सांगतो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, १-३-४ हे ठिपके उठले की म. त्यातला ३ गेला की उरतो १-४, आणि तो च. तसाच ल चा ब होतो, न चा द, क चा अ. ओळ पुढे सरकवली की त्या सेलवर कुठलं अक्षर पडेल याचा नेम नाही. अर्थशास्त्रात मी 'कच्चा चाल' वाचलाय. बरं, सेलमध्ये पिना आठ असतात आणि मराठी वाचायला लागतात सहा. खालच्या ७-८ पैकी एखादी मेली असती तर मी ब्रसुद्धा काढला नसता!

विक्रेत्याला फोन केला. पहिला प्रश्न, "दादा, हात धुऊन वाचता ना?" वडापाव खाऊन मी फोनलासुद्धा हात लावत नाही. मग कळलं की अडकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, यंत्र दिल्लीला जाणार, कुरिअर माझ्या खर्चाने, आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. अर्धे पैसे मामाने घातलेले. त्याला काय सांगू?

बाकीचं थोडक्यात. बॅटरी उत्तम. ब्लूटूथ रुसतं, मी केबलच लावतो. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेली युनिकोड पुस्तकं झकास वाचता येतात. क्लासच्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ उघडल्या की ओळभर कचरा येतो, पण तो दोष यंत्राचा नाही. अंधांना वाचता येतील अशा प्रती काढायला कॉपीराइट आडवा येऊ नये म्हणून झालेल्या मराकेश कराराला सगळ्यात आधी, २०१४ मध्ये, भारताने मान्यता दिली. पेठेतल्या क्लासवाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

तर रागाच्या भरात डिस्प्ले खोक्यात टाकला आणि नुसतं ऐकून अभ्यास सुरू केला. वेग वाढला. एनव्हीडीए तर फुकट. उगाच एवढे पैसे घातले, असं मत इथे लिहिणारही होतो.

मग वर्णनात्मक पेपरचा सराव सुरू झाला. लेखनिक मुलगा चांगला, पण दर दोन वाक्यांनी थांबून विचारायचा, "दादा, पहिली की दुसरी?" आणि मला सांगता येईना. कानाला 'दिन' आणि 'दीन' सारखेच. ब्रेलमध्ये पहिली वेलांटी २-४, दुसरी ३-५. बोटाची त्यात गफलत होणं शक्य नाही. नुसतं ऐकून माझं शुद्धलेखन पार धुऊन निघालं होतं.

डिस्प्ले खोक्यातून बाहेर आला. अशी यंत्रं उघडणारे एक काका मित्राच्या ओळखीचे निघाले. त्यांनी पिन साफ करून पाहिली, हलली नाही. मग त्यांनी चौदावा सेल काढून विसाव्याच्या जागी बसवला आणि विसावा चौदाव्याच्या. घेतले दोनशे रुपये. एनव्हीडीएमध्ये शब्द मध्येच न तोडण्याची सेटिंग चालू ठेवली की ओळीचा शेवटचा सेल बहुतेक वेळा रिकामाच राहतो. कधीतरी एखादा शब्द बरोबर काठाला टेकतो आणि म की च असा संशय येतो, तेवढं चालवून घेतो. दिल्लीला पाठवत नाही.

त्यामुळे घ्यावा का, तर घ्यावा. मात्र दुकानातच डिस्प्लेवरच्या ब्रेल लिहायच्या सहाही कळा एकदम दाबून ओळभर ढ लिहा. ढ ला सहाच्या सहा ठिपके लागतात. वीसही सेलवरून सावकाश बोट फिरवा, मधे कुठे खड्डा लागला तर दुसरा पीस मागा. पैसे त्यानंतर.