विहीर आणि सेप्टिकचं घर: न्यू जर्सीतल्या तपासणी पॅकेजमध्ये पैसे कुठे वसूल होतात

हंटरडन, वॉरन किंवा सॉमरसेट काउंटीत एक-दोन एकरांतलं घर आवडलं, की लिस्टिंगच्या, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीच्या, तळाशी दोन शब्द सापडतात: 'प्रायव्हेट वेल' आणि 'सेप्टिक'. पाणी आपल्याच जमिनीतून वर येणार आणि वापरून झालेलं आपल्याच जमिनीत जिरणार. विहीर म्हणजे इथे काठ-रहाटाची विहीर नव्हे, सहा इंची पोलादी केसिंगची बोअर. पाण्याचं बिल येत नाही, पण बिघाड झाला तर टाउनशिपकडे तक्रार करायचीही सोय नसते. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये या दोन्ही गोष्टी धरलेल्या नसतात. त्यासाठी कंपन्या वेगळं 'वेल-सेप्टिक पॅकेज' विकतात. ते आहे तसं घेऊ नये, निवडून घ्यावं.

सगळ्यात स्वस्त मिळते ती डाय टेस्ट. ती तर घेऊच नका. कमोडमध्ये हिरवा रंग ओततात, अर्धा तास नळ सोडून ठेवतात आणि अंगणात हिरवं पाणी वर येतं का ते बघतात. आलं, तर सिस्टिम गेली हे नक्की. नाही आलं, तर काहीच कळलेलं नसतं, कारण हजार गॅलनच्या, म्हणजे पावणेचार हजार लिटरच्या टाकीतून तो रंग तेवढ्या वेळात बाहेरही पडत नाही. अहवालात मात्र 'समाधानकारक' असा शिक्का येतो.

खरी तपासणी टाकीची झाकणं उघडून होते. झाकणं अनेकदा फूट-दीड फूट मातीखाली गाडलेली असतात. ती शोधून खणण्याचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का, हे फोनवरच विचारा. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघायची. नीट चालणाऱ्या टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाला टेकलेलं असतं. त्याहून वर चढलं असेल, तर पुढचं लीच फील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या पाइपांचा पट्टा, पाणी घेत नाही. खाली असेल, तर टाकी गळते आहे किंवा नुकतीच उपसलेली आहे. विकणारा कौतुकाने सांगतो, 'गेल्याच आठवड्यात टाकी साफ करून घेतली.' त्याचा हेतू चांगलाही असेल, पण पुरावा मैल्याच्या ट्रकमधून निघून गेलेला असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पातळी, मग मोजून पाणी सोडून भार चाचणी, आणि उपसा सगळ्यात शेवटी. उपसा चालू असताना इन्स्पेक्टरने बाहेर जाणाऱ्या पाइपवर टॉर्च धरून उभं राहायला हवं. थोडं ठिबकलं तर हरकत नाही. पण फील्डकडून पाणी उलटं धो धो टाकीत येऊ लागलं, तर फील्ड तुंबलेलं आहे. हे दृश्य दोन-चार मिनिटांचंच असतं. त्या वेळी इन्स्पेक्टर गाडीत बसून फॉर्म भरत असेल, तर तपासणी झालीच नाही.

टाकी रिकामी झाली की बॅफल बघायचे, म्हणजे पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडावरचे आडोसे. जुन्या काँक्रीट टाक्यांत हे आडोसेही काँक्रीटचेच असतात. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचं ओल्या काँक्रीटवर सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि ते काँक्रीट भिजल्या खडूसारखं मऊ होऊन गळून पडतं. बाहेरच्या बाजूचा बॅफल गेला, की वर तरंगणारी तेला-तुपाची साय थेट फील्डमध्ये जाते आणि मातीची छिद्रं बुजवते. त्या जागी प्लास्टिकचा 'टी' बसवायला काहीशे डॉलर पुरतात. फील्ड नवं घालायचं म्हटलं, तर आकडा सहज तीस-चाळीस हजारांवर जातो.

टाकीच्या पुढे डिस्ट्रिब्यूशन बॉक्स (डी-बॉक्स) असतो, तो फील्डच्या सगळ्या ओळींत पाणी वाटतो. स्वस्त पॅकेजमध्ये तो हमखास वगळलेला असतो. तो थंडीत गोठणाऱ्या-फुगणाऱ्या मातीने किंचित कलतो. मग सगळं पाणी एकाच ओळीत जातं. ती ओळ मरते आणि बाकीच्या कोरड्या राहतात. हा बॉक्स उघडून बघायला लावा.

घर दोन-तीन महिने रिकामं असेल, तर मेलेलं फील्डही सुकून चाचणीत पास होतं. अशा घरात एक दिवसाच्या चाचणीवर विसंबू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडून बघणारा इन्स्पेक्टर शोधा.

एक तपासणी जवळपास फुकट होते, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. टाउनशिप किंवा काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटकडे ओप्राखाली (सरकारी कागदपत्रं मागवण्याचा राज्याचा कायदा) अर्ज करून सेप्टिकचं परमिट आणि नकाशा मागवा. न्यू जर्सीत सेप्टिकचं माप बेडरूमवर ठरतं: पहिल्या बेडरूमला दिवसाला 200 गॅलन, पुढच्या प्रत्येकीला 150. म्हणजे तीन बेडरूमचं परमिट 500 गॅलनचं. लिस्टिंगमध्ये चार बेडरूम आणि कागदावर तीन असतील, तर आई-बाबांसाठी म्हणून मोजलेली चौथी खोली सेप्टिकच्या हिशेबात नाहीच. कागदावर 'सेसपूल', म्हणजे आपला शोषखड्डा दिसला, तर 2012च्या नियमांनुसार सहसा विक्रीच्या वेळी तो बदलून नवी सिस्टिम घालावीच लागते. तो खर्च कोणाचा, हे करारातच ठरवा.

पाण्याच्या बाबतीत न्यू जर्सी खरोखर चांगलं राज्य आहे. प्रायव्हेट वेल टेस्टिंग ॲक्ट 2002पासून लागू आहे, आणि विहिरीच्या घराच्या विक्रीत प्रमाणित प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची आहे. त्यात कोलिफॉर्म जंतू, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक, ग्रॉस अल्फा (किरणोत्सर्गाचं माप), विद्रावक रसायनं, आणि 2021च्या अखेरीपासून पीफास या न विघटणाऱ्या रसायनांच्या गटातली तीन रसायनंही तपासतात. चाचणीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, पण तिचा अर्थ नीट समजून. निकाल वाईट आला म्हणून कायदा विक्री थांबवत नाही. दोन्ही पक्षांनी निकाल वाचल्याची सही केली, की क्लोजिंग, म्हणजे घराचा अंतिम व्यवहार, होतं. सौदा तुम्हालाच करावा लागतो.

आर्सेनिककडे विशेष लक्ष द्या. हंटरडन, मर्सर, सॉमरसेट या पट्ट्यातल्या शेल खडकातून ते नैसर्गिकरीत्या पाण्यात उतरतं. राज्याची मर्यादा 5 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, केंद्राची 10. त्यामुळे 7 आकडा दाखवून 'फेडरल लिमिटच्या आत आहे' असं एजंटने सांगितलं, तर मान डोलावू नका. आपल्याकडची पाणी उकळून प्यायची सवय इथे उलटी पडते. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि आर्सेनिक-नायट्रेट आणखी दाट होतं. साध्या कार्बन फिल्टरने किंवा जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरनेही ते जात नाही. आर्सेनिक शोषणाऱ्या माध्यमाच्या एकामागोमाग एक दोन टाक्या लावतात. पहिली संपली की दुसरी सांभाळते. विकणाऱ्याकडून पैसे मागायचे तर याच यंत्रणेच्या कोटेशनवर मागा.

नमुना फिल्टर, सॉफ्टनर, यूव्हीच्या आधी घेतला का, हे विचारा. तसंच विहिरीत नुकतंच ब्लीच ओतलेलं असेल, तर कोलिफॉर्मचा निकाल काही काळ छान येतो आणि पुढे पुन्हा बिघडतो. केसिंगचं झाकण सैल किंवा तडकलेलं असेल, तर मुंग्या आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. केसिंग जमिनीच्या वर किमान फूटभर हवं.

या सक्तीच्या चाचणीत पाणी किती आहे हे मोजत नाहीत. त्यासाठी फ्लो टेस्ट वेगळी, आणि पॅकेजमधली अर्ध्या तासाची टेस्ट निव्वळ दिखावा आहे. हिशेब करून बघा: सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण दीड गॅलन पाणी उभं असतं. 200 फूट पाणी असेल, तर 300 गॅलनचा साठा. मिनिटाला 5 गॅलनने अर्धा तास उपसलं तर जेमतेम 150 गॅलन निघतात, तेही साठ्यातलेच. झरा किती देतो हे कळलंच नाही. निदान तीन-चार तासांची टेस्ट मागा, आणि उपसलेलं पाणी बागेच्या पाइपने लांब बाहेर सोडायला सांगा. ते सिंकमध्ये सोडलं तर त्याच दिवशी सेप्टिक बुडेल, आणि कोणती चाचणी कशामुळे फसली हे कोणालाच सांगता येणार नाही.

तळघरातल्या प्रेशर टँककडेही पाच मिनिटं बघा. एक नळ सोडा आणि काटा बघा. बहुतेक ठिकाणी 40 पीएसआय दाबावर पंप चालू होतो, 60वर बंद. काटा दर काही सेकंदांनी वर-खाली उड्या मारत असेल, तर टाकीतली हवा गेलेली आहे, आणि खालचा पंप तेवढ्याच वेळा सुरू-बंद होऊन लवकर जळणार. टाकी स्वस्त, दोन-तीनशे फुटांवरून पंप वर काढणं महाग.

स्वयंपाकघरापुरतं थोडं: पाणी जड असेल तर तूरडाळ कुकरमध्येही कणीदार राहते. सॉफ्टनर लावणार असाल, तर त्याचं मिठाचं धुवण सेप्टिकमध्ये जातं की बाहेर, हे विचारून घ्या. सिंकमधला कचरा दळणारा डिस्पोजर या घरांत वापरू नये. तळणीचं तेल बरणीत भरून कचऱ्यात टाकायचं.

वेळेचं गणित सुरुवातीलाच मांडा. करारावर सह्या झाल्या, की करार तपासून बदल सुचवायला वकिलाला तीनच कामकाजाचे दिवस मिळतात. झाकणं उघडून सेप्टिक तपासणी, डी-बॉक्स आणि लांब फ्लो टेस्ट ही तिन्ही कलमं त्या दिवसांतच घालून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी नमुना घेऊ नका, कोलिफॉर्मची बाटली दिवसभरात प्रयोगशाळेत पोचावी लागते. फेब्रुवारीत जमीन गोठलेली असली, की अहवालात 'फील्ड पाहता आलं नाही' अशी ओळ येते. तसं झालं तर वकिलाकरवी विकणाऱ्याच्या पैशातली रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात, अडकवा आणि एप्रिलमध्ये माती सुटली की उरलेली तपासणी त्याच इन्स्पेक्टरकडून पुरी करून घ्या.