क्विप ॲप आणि एफएफएन मशीन: वर्षभर वापरून झाल्यावर

बाळंतपण वेळेआधी होईल का याचा अंदाज घ्यायला एफएफएन (फीटल फायब्रोनेक्टिन, स्वॅबमधलं एक प्रथिन) मोजणारं आमचं मशीन पुन्हा बंद पडलं म्हणून लिहायला घेतलंय, नाहीतर लेबर वॉर्डवाल्यांना एवढं टाइप करायला वेळ कुठे. मी इंग्लंडमधल्या एका मध्यम हॉस्पिटलात प्रसूती विभागाची रजिस्ट्रार (कन्सल्टंटच्या हाताखालची डॉक्टर) आहे. रात्री दीडला ट्रायेजमध्ये (आलेल्या पेशंटला आधी तपासतात तिथे) 31 आठवड्यांची गरोदर बाई, पोट आवळून येतंय म्हणते, स्वॅब घेतला, कॅसेटवर (मशीनमध्ये घालायची, एकदाच वापरायची पट्टी) थेंब टाकले, दहा मिनिटं थांबलो, आणि स्क्रीनवर 'इनव्हॅलिड'. त्याच सॅम्पलची दुसरी कॅसेट लावली, परत तेच. सकाळी सप्लायरला फोन केला तर म्हणे स्वॅब नीट घेतला नसेल. अहो, तुमची क्यूसीची, म्हणजे मशीन नीट चालतंय का बघायची, कॅसेटसुद्धा फेल जातेय, तिचा स्वॅब कोणी घेतला? इंजिनिअर आला तो तीन दिवसांनी, आणि फुकट गेलेल्या कॅसेटचं क्रेडिट मिळणार नाही म्हणाला. पैसे एनएचएसचे, माझे नाहीत, हे कळतं मला, पण ज्या घरात दुधाची पिशवी कापून धुऊन वाळत घालायचे त्या घरात वाढलेय मी, दोन कॅसेट कचऱ्यात टाकताना जीव तुटतोच.

आता ॲपचं. क्विप म्हणजे लंडनच्या किंग्ज कॉलेजवाल्यांचं, वेळेआधी डिलिव्हरी होण्याची शक्यता काढून देणारं ॲप. एफएफएनचा आकडा टाका, सर्व्हिक्सची (गर्भाशयाच्या मुखाची) लांबी असेल तर ती टाका, आधीची डिलिव्हरी लवकर झाली होती का वगैरे भरा, की पुढच्या 1, 2, 4 आठवड्यांत आणि 30, 34, 37 आठवड्यांच्या आत डिलिव्हरी होण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. सात दिवसांची शक्यता 5 टक्क्यांच्या वर गेली की स्टेरॉइड (बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला द्यायचं इंजेक्शन), ॲडमिशन, दुसऱ्या हॉस्पिटलात ट्रान्सफरचा विचार, खाली असेल तर बहुतेक घरी. पूर्वी एफएफएन म्हणजे 50 च्या वर की खाली एवढंच बघायचो. 52 वाली आणि 480 वाली एकाच रांगेत! ते गेलं याचा मला खरंच आनंद झाला होता आणि पहिले काही महिने मी सगळ्यांना हे ॲप दाखवत फिरत होते.

मग एक्विप्ट ट्रायल वाचली आणि उत्साह जरा खाली बसला. 13 हॉस्पिटलांत हे ॲप टप्प्याटप्प्याने आणून बघितलं, तर अनावश्यक ॲडमिशन-ट्रान्सफरमध्ये म्हणावा असा फरक पडलाच नाही. म्हणजे मॉडेल बरोबर आकडा देतं ही एक गोष्ट झाली, तो आकडा बघून रात्री दोनला थकलेला डॉक्टर वेगळा वागतो का ही दुसरी. आमच्याकडेच बघा ना, स्क्रीनवर 1 टक्का दिसतोय तरी कन्सल्टंट म्हणतात ठेवूनच घे, सकाळी बघू. मग ती कॅसेट कशाला फोडली हो आपण?

व्हॅलिडेशनबद्दलही, म्हणजे मॉडेल नव्या पेशंटवर तपासून बघण्याबद्दलही, मत बदललं माझं. आधी मी एयूसी (मॉडेल किती चांगलं ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे पैकीच्या पैकी) बघून खूश व्हायचे. पण एडिंबरावाल्यांच्या क्विड्स स्टडीत बघा, याच कामाचं त्यांचं वेगळं मॉडेल बनवलं युरोपातल्या जुन्या स्टडीजच्या 1,783 बायकांवर, त्यांत सात दिवसांत डिलिव्हरी झालेल्या 7.8 टक्के. तपासलं यूकेतल्या बायकांवर, तिथे 2.9 टक्केच. एयूसी दोन्हीकडे मस्त, 0.89 च्या आसपास. पण एयूसी फक्त एवढंच सांगतो की जास्त धोक्याची बाई यादीत वर आली की नाही. तिला 6 टक्के सांगितले ते खरंच 6 आहेत का हे कॅलिब्रेशन सांगतं, आणि आपण निर्णय घेतो तो 5 च्या रेषेवर, म्हणजे सगळा खेळ कॅलिब्रेशनचाच. जिथे मुळात कमी बायका लवकर बाळंत होतात तिथे दुसरीकडचं मॉडेल उचलून लावलं तर आकडे फुगू शकतात, आणि फुगलेल्या आकड्याने उगाच स्टेरॉइड जातं.

उगाच गेलं तर काय बिघडलं म्हणणाऱ्यांनी 2015 ची एसीटी ट्रायल वाचावी, गावोगावी स्टेरॉइड पोचवून बघितलं होतं तिच्यात. त्यात आपलं नागपूर आणि बेळगाव दोन्ही होते. लवकर होणारं बाळ ओळखायला गावपातळीवर धड साधन नव्हतं, इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं नंतर कमी वजनाची निघालीच नाहीत, आणि बाळांचे 28 दिवसांतले मृत्यू हजारी 27.4 झाले, जिथे ही मोहीम नव्हती त्या गटात 23.9. तेव्हापासून 'देऊन टाकू, नुकसान काय' हे वाक्य मला ऐकवत नाही.

हे सगळं असूनही ॲप मी रोज उघडते. कारण असं की मागच्या महिन्यापासून कॅसेट संपल्यावर नुसती सर्व्हिक्सची लांबी टाकून बघायला लागले, ॲप त्यावरही चालतं. सोनोग्राफीचा प्रोब धरायची सवय झाली की पाच मिनिटांचं काम, इनव्हॅलिड नाही, इंजिनिअर नाही, क्रेडिट नोट नाही. नाइसच्या (इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी संस्था) गाइडलाइनमध्येसुद्धा 30 आठवड्यांनंतर पहिलं नाव टीव्हीएसचंच (योनीमार्गे सोनोग्राफीने ही लांबी मोजणं) आहे, लांबीला 15 मिमीची रेषा, एफएफएन नंतर. मग मशीनसाठी एवढा आटापिटा का करतो आपण? तर रात्री टीव्हीएस करणारं कोणी नसतं म्हणून. त्या कॅसेटच्या वर्षभराच्या बिलात रजिस्ट्रारना टीव्हीएस नीट शिकवून होईल असा माझा अंदाज आहे, मॅनेजरला ईमेल टाकलाय, उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये टाकते.

पुण्यातली मैत्रीण विचारत होती, आमच्याकडे वापरू का. कॅसेट सहज मिळत नाही तिकडे, तो प्रश्नच मिटला. पण नुसत्या लांबीवर वापरायचं तर आधी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून गरोदरपणाचे आठवडे बरोबर आहेत ना ते बघ म्हटलं तिला. पाळीच्या तारखेवर दोन आठवड्यांचा गोंधळ असेल तर वरचा सगळा हिशोब पाण्यात. गुरुग्रामच्या गर्भिणी कोहोर्टवर (अभ्यासासाठी नोंदवलेल्या गरोदर बायकांचा गट) आयआयटी मद्रासवाल्यांनी भारतीय बायकांसाठी आठवडे मोजायचं वेगळं मॉडेल केलंय ते याचसाठी. मैत्रीण म्हणाली, निम्म्या पेशंट पहिल्या तीन महिन्यांत येतच नाहीत, सोनोग्राफी कसली घेऊन बसलीस.