जोन्स रोग: रक्ताची एलायझा की शेणाचा पीसीआर?

मुरबाड-शहापूरकडे म्हैस नीट खाते, ताप नाही, तरी पातळ शेण टाकत खंगत जाते, तेव्हा जंताचं औषध देऊन थांबू नका; जोन्सची, म्हणजे जिवाणूमुळे होणाऱ्या आतड्याच्या चिवट, संसर्गजन्य रोगाची शंका घ्या.

एलायझा ही रक्तचाचणी स्वस्त, अख्ख्या गोठ्याला परवडते. पण ती जंतू नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती उशिरा तयार होतात. म्हणून नुकती लागण झालेली जनावरं बरीचशी निसटतात.

शेणावरची पीसीआर चाचणी महाग, तरी थेट जंतूचा डीएनए पकडते. जंतू शेणातून अधूनमधून पडतो, त्यामुळे एकदा निगेटिव्ह आलं तरी पुन्हा नमुना द्या. शेण गुदाशयातूनच, दर जनावराला नवा हातमोजा घालून काढा, जमिनीवरचं नको.

मी आधी सगळ्यांची एलायझा, मग संशयितांचा पीसीआर करायला सांगेन. तोवर रेडकांना त्या म्हशींखाली सोडू नका.